तालमीतल्या पोराला बीसीएएचा डबा द्यावा का? अमिनो ॲसिडनं मेहनत जास्त अंगी लागते का?

कागलकर_दादा

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ कोल्हापुरात तालमीत आहे. वय १९, वजन ७० किलो. पहाटे जोर-बैठका आणि लढती, संध्याकाळी मॅट, मधूनअधून वजनं. परवा फोनवर म्हणाला, "दादा, बीसीएएचा डबा पाहिजे. सगळी पोरं पितात. त्याच्याशिवाय मेहनत भरून निघत नाही." डबा अडीच हजाराच्या घरात आणि महिनाभरच पुरणारा. ऊसबिल वेळेवर आलं तरी त्या पैशाला घरात दहा वाटा आहेत. पण पोराला खरंच उपयोग होणार असेल तर मी मागं बघणार नाही, कुठूनही उभे करीन.

त्यानं डब्याचा फोटो पाठवलाय. एका चमच्यात ७ ग्रॅम बीसीएए, म्हणजे तीन अमिनो ॲसिडांचं मिश्रण, प्रमाण २:१:१, साखर शून्य, कलिंगडाचा स्वाद. खाली बारीक अक्षरात ल्युसिन ३.५ ग्रॅम, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन प्रत्येकी १.७५ ग्रॅम.

आत्ताचा खुराक: म्हशीचं दूध दीड लिटर, चार अंडी, बदाम दोन मुठी, दोन्ही वेळच्या मिळून आठेक चपात्या नाहीतर भाकऱ्या, आमटी, उसळ, तूप. आठवड्यातून एक-दोनदा मटण. मला एवढंच समजून घ्यायचंय की यावर ती पावडर दिली तर मेहनतीचा अंगावर जो परिणाम व्हायचा तो वाढतो का. जाणकारांनी मनापासून सांगावं.

गंगावेशीचा_जुना_गडी

दादा, तुमचा भाऊ नशीबवान, पाठीशी असा भाऊ हाय. आमच्या वेळंला डबा नव्हता, थंडाई होती. रात्री भिजत घातलेलं बदाम पहाटं सोलायचं, दगडी कुंडीत टाकायचं, वर खसखस, मगज, बडीशेप, चार काळं मिरं. दांडक्यानं घोटत बसायचं. वस्ताद बोटानं चोळून बघायचं, रवाळ लागलं की परत घोट. लोण्यावानी झालं आणि कडंनं तेल सुटल्यागत दिसाया लागलं की मग दूध. पेला पोटात गेला की दुपारपतूर भूक नाही.

१९१२ ला शाहू महाराजांचं खासबाग मैदान उभं राहिलं तवापासनं या गावात पैलवान असाच घडलाय. खाशाबा जाधव इथल्याच मातीत तयार झालं आणि १९५२ ला हेलसिंकीत पदक घेतलं. पावडरीला माझा विरोध न्हाई, नवीन शास्त्र आलं तर ते शिकावं. पर दूध तोडून पावडर घेऊ नका.

पोषण_अभ्यासक

दादा, खुराक सविस्तर लिहिलात हे फार बरं केलंत. त्यामुळे हिशेब मांडता येतो.

म्हशीच्या एक लिटर दुधात साधारण ३७ ते ४० ग्रॅम प्रथिनं असतात. दीड लिटरची ५५ च्या वर. चार अंड्यांची २४-२५. बदाम ५० ग्रॅम धरले तर १०. चपात्या-भाकऱ्यांची ३० च्या आसपास. आमटी-उसळीत दिवसाला १०० ग्रॅम डाळ-कडधान्य जात असेल तर आणखी २० ते २२. मटण सोडून बेरीज १४० ग्रॅमच्या घरात जाते, म्हणजे किलोमागे २ ग्रॅम. सामान्य माणसासाठी आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण-संशोधन संस्थेची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. वजनं उचलून व्यायाम करणाऱ्यांवरच्या ४९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, एकूण १,८६३ माणसं होती त्यात. प्रथिनं वाढवत नेल्याचा स्नायूंना होणारा फायदा किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास थांबतो, असं त्यात दिसलं. तुमच्या भावाला ती रेघ ११२ ग्रॅमवर येते. तो ती रोज ओलांडतोय.

आता बीसीएए. प्रथिनं अमिनो आम्लांची (अमिनो ॲसिडांची) बनलेली असतात. शरीराला लागणाऱ्या वीस अमिनो आम्लांपैकी नऊ शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात. ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही त्यांतलीच तीन, त्यांनाच बीसीएए म्हणतात. यांचं वेगळेपण असं की बाकीच्या बहुतेकांना यकृत आधी हात घालतं, यांना मात्र ते फारसं मोडत नाही. ती रक्तातून थेट स्नायूंपर्यंत पोचतात. त्यातही ल्युसिन पेशीतल्या एमटॉर नावाच्या यंत्रणेला चालना देतं, म्हणजे नवीन प्रथिनं बांधायला घ्या असा इशाराच देतं. जाहिरात इथपर्यंत खरी आहे.

पण उसाच्या फडात मुकादमानं शिट्टी मारली आणि नऊ जणांच्या टोळीतले तिघेच आले तर तोड कशी होणार? स्नायूतलं प्रथिन बांधायला नऊच्या नऊ लागतात. उरलेली सहा पोटातून आली नाहीत तर शरीर ती स्वतःचाच स्नायू मोडून आणतं. इकडचं तिकडे झालं, भर काही पडली नाही. रॉबर्ट वुल्फ या संशोधकांनी २०१७ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून हेच लिहिलं की एकट्या बीसीएएनं माणसाच्या स्नायूंची वाढ होते या दाव्याला आधार नाही.

आणि दादा, म्हशीच्या एका लिटर दुधात जवळपास ७ ग्रॅम बीसीएए असतंच. त्या डब्यातल्या एका चमच्याइतकं, आणि सोबत उरलेली सहाही. तुमच्या भावाच्या दिवसभराच्या जेवणात मिळून पंचवीसेक ग्रॅम बीसीएए आधीच जातंय.

दुकानदार_राजारामपुरी

माझं सप्लिमेंटचं दुकान आहे हे आधीच सांगतो, म्हणजे कुणाला वाटायला नको की लपवून बोलतोय. ताईंनी वुल्फ यांचं सांगितलं. पण त्याच २०१७ साली स्टर्लिंग विद्यापीठाचाही अभ्यास आला. वजनं मारून झाल्यावर ५.६ ग्रॅम बीसीएए दिलं तर स्नायूंची प्रथिनबांधणी २२ टक्क्यांनी वाढली. मग शून्य उपयोग म्हणणं बरोबर आहे का? दुसरं, माझ्याकडे येणारा प्रत्येक जण दूध-बदामवाला पैलवान नसतो. एमआयडीसीतून आठला सुटून रिकाम्या पोटी जिमला जाणारी पोरं आहेत. सकाळी पोहे, दुपारी डब्यातली भाजी-चपाती. त्यांना काहीतरी हाताशी पाहिजे. आणि अंगदुखी कमी होते हे गिऱ्हाईक स्वतः येऊन सांगतं.

पोषण_अभ्यासक

आकडा बरोबर आहे तुमचा, अभ्यासही चांगला आहे. तुलना कशाशी होती तेवढं बघा. व्यायाम केलेल्या दहा तरुणांना एकदा बीसीएए दिलं आणि एकदा त्यासारखं दिसणारं पण अमिनो आम्लं नसलेलं पेय. काहीच न मिळण्यापेक्षा बीसीएए बरं ठरलं. पण तेवढंच बीसीएए असलेलं पूर्ण व्हे प्रोटीन (दुधाच्या निवळीतलं प्रथिन) दिल्यावर आधीच्या अभ्यासांत जी वाढ दिसली होती, तिच्या मानानं बीसीएएची वाढ निम्मीच होती, असं त्याच संशोधकांनी लिहून ठेवलंय. म्हणजे इशारा मिळाला, काम सुरूही झालं, माल कमी पडला. शिवाय ती मोजणी व्यायामानंतरच्या काही तासांची आहे. त्यावरून चार महिन्यांनी दंड किती भरतील हे ठरत नाही.

रिकाम्या पोटी जिमला जाणाऱ्या पोरांबद्दलची तुमची काळजी मला पटते. मेहनतीनंतर स्नायूंत बांधणी आणि मोडणी दोन्ही वाढतात. पोटात काही नसेल तर मोडणी वरचढ राहते, प्रथिनं गेली की पारडं फिरतं. पण त्या पोराला बीसीएए कशाला द्यायचं? व्हे द्या. नाहीतर दूध आणि दोन मुठी फुटाणे-शेंगदाणे. स्वस्तही पडतं आणि नऊच्या नऊ मिळतात. अर्ध्या तासात पोटात गेलं नाही तर सगळं वाया जातं ही भीतीही घालू नका. मेहनत झालेला स्नायू पुढचे चोवीस तास, कधी त्याहून जास्त वेळ, प्रथिनांना जास्त प्रतिसाद देतो.

अंगदुखीचं म्हणाल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जी जास्तीत जास्त असते ती बीसीएएनं थोडी कमी झाल्याचं काही अभ्यासांत दिसलंय. तो फायदा मी नाकारत नाही. पण दुखणं कमी होणं आणि ताकद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पेठेतला_विंगर

माझा अनुभव सांगतो. सीझनला शाहू स्टेडियमवर दुपारच्या उन्हात फुटबॉलची मॅच असते. हाफ टाइमनंतर पायात गोळे यायचे. एका मित्रानं बीसीएए दिलं, लिटरभर पाण्यात मिसळून मॅचच्या आधी आणि मध्ये प्यायचो. फरक लगेच जाणवला, गोळे कमी. मग आमच्या कोचनी ते बंद करून तेवढ्याच पाण्यात लिंबू, साखर आणि मीठ घालून द्यायला सुरुवात केली. तेवढाच फरक! म्हणजे काम पाणी-मीठ-साखरेचं होतं का? कोचचं म्हणणं तसंच आहे.

जोतिबा_घाट_रनर

विंगरभाऊ, तुमचे कोच योग्य बोलतात. पावडर पितो म्हणून आपण एरवी पीत नाही तेवढं पाणी पितो. उन्हात घाम जाताना त्याचाच फरक मोठा असतो.

लांब पळणाऱ्यांना बीसीएए विकताना वेगळं सांगतात, म्हणून लिहितो. ऑक्सफर्डच्या न्यूजहोम यांनी १९८७ मध्ये मांडलेली एक कल्पना आहे. रक्तातलं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मेंदूत शिरतं आणि त्याचं सेरोटोनिन नावाचं रसायन होतं, त्यामुळे थकल्यासारखं वाटतं. बीसीएए मेंदूत शिरायला तोच दरवाजा वापरतात. म्हणून ते रक्तात जास्त असले तर ट्रिप्टोफॅनला वाट कमी मिळेल आणि थकवा उशिरा येईल. कल्पना सुंदर आहे, मला वाचतानाच आवडली होती. पण माणसांवरच्या चाचण्यांत पळण्याच्या वेळेत ठोस, पुन्हा पुन्हा दिसणारा फरक काही मिळाला नाही. उलट तासाच्या वर पळताना दर तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर-पिष्ट पोटात गेलं तर फायदा होतो हे कितीतरी वेळा सिद्ध झालंय. मी जोतिबाच्या चढाला खिशात केळं आणि गुळाचे खडे ठेवतो.

मॅटवरची_पोरगी

मी स्पर्धेत खेळते, ५७ किलोत. वजन उतरवायचं असतं तेव्हा हे डबे फार मोहात पाडतात, कारण लिहिलेलं असतं शून्य कॅलरी. अमिनो आम्लं शून्य कॅलरी कशी असतील? प्रथिनासारखीच त्यांनाही ग्रॅममागे चारच्या आसपास कॅलरी असते. वजन काट्यावर असताना मला डाएटिशियननी सांगितलं ते उलटंच होतं: जेवण कमी होईल तेव्हा प्रथिनं वाढव, किलोमागे दोन ग्रॅमच्या वर ने. पोटात अन्न कमी असतं तेव्हा शरीर स्नायू मोडून इंधन करतं, म्हणून. त्या आठवड्यांत दही, अंड्याचा पांढरा भाग, ताक, मूग यांच्यावर दिवस काढले आणि ताकद टिकली.

दादांनी हा भाग नीट वाचावा असं मला फार वाटतं. बीसीएए बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीत नाही. पण डब्यात काय आहे ते फक्त लेबलवर लिहिलेलं असतं, आणि लेबल खोटं असू शकतं. जर्मनीतल्या कोलोनच्या उत्तेजक-तपासणी प्रयोगशाळेनं वेगवेगळ्या देशांतली ६३४ सप्लिमेंटं तपासली होती, २००४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ९४ मध्ये लेबलवर न लिहिलेले संप्रेरकांशी संबंधित बंदी असलेले पदार्थ सापडले. जवळपास १५ टक्के! "वर्कआउटच्या आधीचं" म्हणून विकतात त्या मिश्रणांत हिजेनामाइन किंवा मिथाइलहेक्झानामाइन असू शकतं, दोन्ही वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदीच्या यादीत आहेत. नाडाची (भारतातल्या उत्तेजकविरोधी संस्थेची) चाचणी आली आणि काही निघालं तर "मला माहीत नव्हतं" चालत नाही. शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. वर्षानुवर्षांची मेहनत एका चमच्यात जाते. भाऊ राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळणार असेल तर कुठलीही पावडर घेताना प्रत्येक बॅच तपासलेली आहे का ते बघाच.

गंगावेशीचा_जुना_गडी

पोरी, लई मोलाचं लिवलंस. आमच्यात कुणी दुसऱ्याच्या हातचं काय प्यायचं न्हाई, वस्तादांचा तसा दंडकच हुता. तू तुझा डबा तुझ्या कुलपात ठेव.

ताई, एक इचारतो. आम्ही मेहनत झाल्यावर एका दमात लिटर-सव्वा लिटर दूध पीत हुतो. आता पोरं म्हणत्यात, एका वेळी २०-२५ ग्रॅमच्या वर प्रथिन अंगी लागतच न्हाई, बाकीचं वाया जातं. मग आमचं काय वाया गेलं?

पोषण_अभ्यासक

नाही हो काका, वाया नाही गेलं.

२०-२५ ग्रॅमचा आकडा आला तो पचायला हलक्या प्रथिनांवर, आणि चार-पाच तासांपुरतीच मोजणी करून. २०२३ च्या अखेरीस मास्ट्रिख्ट विद्यापीठाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्यायामानंतर एका गटाला दुधाचं प्रथिन २५ ग्रॅम दिलं, दुसऱ्याला १०० ग्रॅम, तिसऱ्याला काहीच नाही, आणि मोजणी बारा तास केली. १०० ग्रॅमवाल्यांची स्नायूबांधणी जास्तही होती आणि जास्त वेळ टिकली. दुधातल्या प्रथिनांत ८० टक्के केसीन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात दह्यासारखं जमतं आणि सावकाश उतरतं, अमिनो आम्लं तासन्‌तास रक्तात येत राहतात. तुमच्या वस्तादांनी सांगितलेली पद्धत आज प्रयोगशाळेत मोजली तरी टिकते, हे वाचून मला स्वतःला फार आनंद झाला होता.

याचा अर्थ दिवसात एकदाच प्या असा नाही. तीन-चार वेळा वाटून घेतलं तर पोटालाही सोसतं. पण एखाद्या वेळी जास्त गेलं म्हणून घाबरायचं कारण नाही.

पन्हाळा_रोडचा_डॉक्टर

दुधाचा विषय निघालाच आहे तर एक विनंती. गंगावेशीत समोर पिळलेलं धारोष्ण दूध प्यायची आपल्या गावाची परंपरा मला माहीत आहे, त्यामागचं प्रेमही माहीत आहे. तरीही दूध उकळूनच प्यावं. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो. महिनोन्‌महिने ताप येत-जात राहतो, सांधे धरतात, आणि पैलवान हंगामातून बाहेर जातो. उकळल्यानं अमिनो आम्लांचं म्हणण्यासारखं नुकसान होत नाही.

मूत्रपिंडाचं बरेच जण विचारतात. मूत्रपिंड निरोगी असेल तर किलोमागे दोन ग्रॅमपर्यंतच्या प्रथिनांनी ते बिघडतं असा पुरावा नाही. पण आधीच त्रास असेल, मधुमेह-रक्तदाब जुना असेल, तर प्रथिनं वाढवण्याआधी तपासणी करून घ्यावी. अमिनो आम्ल "नैसर्गिक" आहे म्हणून निर्धोक, हेही धरून चालू नका. १९८९ मध्ये अमेरिकेत ट्रिप्टोफॅनच्या गोळ्यांत उत्पादनातली भेसळ राहून गेली. पंधराशेच्या वर लोकांना स्नायूंचा भयंकर आजार झाला, तीसहून जास्त दगावले. दोष मुख्यतः भेसळीचा मानला गेला, पण गोळी घेणाऱ्याला ते कसं कळणार?

आणि दादा, मेफेंटरमाइन हे रक्तदाब पडलेल्या रुग्णाला देण्याचं औषध आहे. ताकदीचं म्हणून त्याची इंजेक्शनं तालमी-जिमच्या आसपास फिरतात. कुणी भावाच्या हातात दिलं तर त्यानं तिथून उठून यावं. हृदय बंद पडू शकतं. हे मी अगदी कळकळीनं लिहितोय.

लेक_रंकाळा

विषय थोडा वेगळा आहे, पण इथे चांगली माणसं आहेत म्हणून विचारते. आई ६८ वर्षांची, माळकरी, अंडंसुद्धा नाही. सकाळी चहा-खारी, दुपारी वरण-भात, रात्री दूध-भात. हल्ली खुर्चीवरून उठताना हाताचा आधार लागतो. एका ओळखीच्यांनी अमिनो पावडर सुचवली. तिला तरी उपयोग होईल का?

पोषण_अभ्यासक

ताई, विषय वेगळा नाही. माझ्या मते अमिनो आम्लांचा खरा विचार व्हायला हवा तो तुमच्या आईसारख्यांसाठी.

वय वाढलं की स्नायू प्रथिनाला कमी प्रतिसाद देतात. तरुणाला एका जेवणात किलोमागे ०.२५ ते ०.३ ग्रॅमवर जे मिळतं, त्यासाठी म्हाताऱ्या माणसाला ०.४ च्या आसपास लागतं. इशारा देणारं ल्युसिनही जास्त लागतं, एका वेळी तीनेक ग्रॅम. त्यात भूक कमी, दात कमजोर. चहा-खारीत प्रथिन जवळजवळ नाहीच, आणि वरण-भातातलं वरण बहुतेक पातळ असणार. अशा वेळी नऊच्या नऊ असलेली, ल्युसिन जास्त घातलेली पावडर थोडक्यात बरंच देऊन जाते. त्यावर ईएए लिहिलेलं असतं. ज्येष्ठांवरच्या अभ्यासांत तिचा उपयोग दिसलाय. ती बीसीएए नव्हे, हे लक्षात ठेवा.

पण आधी स्वयंपाकघरात बघू. चहा-खारीऐवजी मूगडाळीचं धिरडं आणि वाटीभर घट्ट दही. दुपारी वरण घट्ट करा आणि सोबत ताक. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं ते डाळीत भरपूर, डाळीत मिथिओनिन हे दुसरं कमी ते तांदळात. आपला वरण-भात त्या दृष्टीनं उत्तमच आहे, फक्त भात ढीगभर आणि वरण चमचाभर असं होतं. रात्रीच्या दुधात दोन चमचे दूध पावडर. चपातीच्या पिठात थोडं सोयाबीनचं पीठ. एवढ्यानं २५ ते ३० ग्रॅम प्रत्येक जेवणात बसवता येतं. बसलंच नाही तर डॉक्टरांना विचारून पावडर.

आणि खुर्चीवरून उठ-बस. सुरुवातीला आधार घेऊन, दिवसातून दोनदा, दमेल इतकी. व्यायाम झालेला स्नायूच जेवणातलं प्रथिन नीट उचलतो. म्हाताऱ्या माणसाला तर याची जास्तच गरज.

दुकानदार_राजारामपुरी

इथली चर्चा वाचून बरं वाटलं. माझ्या परीनं एक भर घालतो, कारण हे ग्राहकाला कुणी सांगत नाही. डबा घेणारच असाल तर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक बघा आणि त्यांच्या साइटवर टाकून तपासा. प्रोटीन पावडर असेल तर घटकांत वेगळं ग्लायसिन किंवा टॉरिन लिहिलंय का ते वाचा. प्रयोगशाळेत प्रथिन मोजतात ते नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ नं गुणून. स्वस्त ग्लायसिन मिसळलं की नायट्रोजन वाढतो आणि कागदावर प्रथिन जास्त दिसतं, अंगी काही लागत नाही. आणि "प्रोप्रायटरी ब्लेंड" एवढंच लिहून आतली वेगवेगळी मापं दिलेली नसतील तर डबा परत ठेवा, मग तो माझ्या दुकानातला का असेना.

कागलकर_दादा

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या आपुलकीनं कोण लिहितं!

काल तालमीत जाऊन आलो. वस्तादांशी बोललो, भावासोबत दिवसभर थांबलो. खुराक भरपूर आहे, पण मांडणी चुकतेय. पहाटेची मेहनत संपली की आंघोळ करून पोरगा थेट कॉलेजला पळतो, पोटात फक्त चहा-बिस्किट. पहिलं खरं जेवण दुपारी एकला. दूध सगळं रात्री. आणि रात्री साडेअकरापर्यंत मोबाइल, पहाटे चारला उठायचं. मेहनत भरून निघत नाही असं त्याला वाटतंय ते खरंच आहे, कारण झोपच पुरत नाही. वस्तादांनी त्याच दिवशी मोबाइल नऊला त्यांच्याकडे जमा करायचा नियम सगळ्याच पोरांना लावला.

आता मेहनतीनंतर लगेच पाऊण लिटर उकळलेलं दूध, दोन अंडी, केळी. उरलेलं दूध रात्री. डबा घेतलेला नाही. त्या पैशातून रोजची दोन अंडी वाढवली आणि मॅटचे बूट घेतले, जुन्यांचा तळ पार गेला होता. भावाला मी लिटरभर दुधातलं बीसीएए किती ते सांगितलं तर त्यानं स्वतः वाचून बघितलं आणि मग पटलं त्याला.

फक्त त्याचा अजून एक प्रश्न आहे. क्रिएटिनही अमिनो ॲसिडच ना? मग तेही तसंच का?

पोषण_अभ्यासक

झोपेचं शोधून काढलंत, फार चांगलं केलंत.

क्रिएटिनची गोष्ट वेगळी आहे. शरीर ते आर्जिनिन, ग्लायसिन आणि मिथिओनिन या तीन अमिनो आम्लांपासून बनवतं, पण ते स्वतः प्रथिनात बांधलं जात नाही. झटक्यात ताकद लावायची असते तेव्हा, म्हणजे पट काढताना, उचलून मारताना, स्नायूला काही सेकंद जे इंधन लागतं ते ते भरून देतं. त्याचा पुरावा बीसीएएपेक्षा कितीतरी भक्कम आहे. साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट, रोज ३ ते ५ ग्रॅम. मटण-मासळीतून थोडंफार येतं, दूध-डाळीतून जवळजवळ नाही.

पन्हाळा_रोडचा_डॉक्टर

पुढेमागे सुरू केलंच तर दोन गोष्टी. रक्ततपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम पारखायला मोजतात तो पदार्थ, किंचित वाढलेलं दिसू शकतं, तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टरांना क्रिएटिन घेतो हे आधी सांगावं, उगाच मूत्रपिंडाची धास्ती नको. आणि स्नायूंत पाणी धरल्यानं सुरुवातीला किलोभर वजन वाढतं, कुणाचं त्याहून थोडं जास्त. भाऊ वजनगटाच्या काठावर असेल तर स्पर्धेच्या तोंडावर सुरू करू नका. हंगाम संपल्यावर, वस्तादांच्या कानावर घालून.